अठरा दिवसांचं ‘काही नाही’

“पडली! लिही, काडी, लिही! झाकण सरकवलं की पडली!” वकील टेबलावर मूठ आपटत ओरडली.

“हळू गं! टेबल हललं तर परत पडेल, मग तेही लिहावं लागेल.” काडीने वहीत नववी फुली मारली, पेन खाली ठेवलं आणि बोटं मोडली.

“मी पण पडलोय. माझी नोंद कोणी घेतच नाही!” फरशीवरून आवाज आला. तो जांभईचा, म्हणजे त्यांच्या सदा आळसावलेल्या मित्राचा होता; तिघांनी एकमेकांना अशीच टोपणनावं ठेवली होती. फरशी गार होती, म्हणून तो अर्ध्या तासापासून तिथेच आडवा होता.

सुट्टीचा तिसरा आठवडा चालू होता आणि तिघंही सुट्टीला वैतागले होते. विज्ञानाच्या सरांनी शेवटच्या दिवशी “मजा करा!” म्हणत प्रत्येक गटाच्या गळ्यात एकेक प्रकल्प मारला होता. यांच्या वाट्याला आला तो असा: चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये वेगवेगळे पदार्थ ठेवले तर ओढीवर काय परिणाम होतो? बारा पदार्थ, प्रत्येकाचे दहा प्रयोग. म्हणजे एकशेवीस! हा गुणाकार ऐकूनच जांभई पहिल्यांदा आडवा झाला होता.

प्रयोग तसा सोपा होता. पुस्तकांच्या चळतीतून एक पट्टी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला खालच्या बाजूने चुंबक बांधलेलं. खाली टेबलाला चिकटवलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला कागदाची क्लिप. चुंबक क्लिपला वर ओढायचं, दोरा तिला सोडायचा नाही, त्यामुळे ती अधांतरी उभी राहायची. मधल्या बोटभर फटीत एकेक वस्तू सरकवायची आणि बघायचं.

पुठ्ठा सरकवला, क्लिप हलली नाही. काच, लाकूड, प्लास्टिक, तांब्याची पट्टी, कशालाच दाद नाही. बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण आत गेलं मात्र, आणि क्लिप पटकन खाली!

आता वकील ही मुलगी अशी की “आज मंगळवार” म्हटलं तरी “कशावरून?” विचारणार. काल स्टीलच्या ताटावरून तिने तासभर डोकं खाल्लं होतं.

“स्टीलमध्ये लोखंड असतं. मग ताट सरकवल्यावर क्लिप पडायलाच हवी! मला हे मान्य नाही!”

“ताटाला मान्य आहे ना? मग झालं तर!” जांभई म्हणाला होता.

शेवटी काडीने ताट उभं धरून चुंबक थेट त्याला लावलं. ते घसरून खाली आलं. झाकणाला लावलं, तर टक्कन चिकटून बसलं. दिसायला दोन्ही चकचकीत, पण वागायला दोन जातींची! मग तिने वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: ‘ज्याला चुंबक चिकटतं ते आडवं आलं, तर ओढ अडते. ज्याला चिकटत नाही त्याच्यातून ओढ आरपार जाते.’ वकिलीणबाईंनीही सही केली.

दार वाजलं. काडीची आई कामावरून आली होती. रोज ती आल्या आल्या तोंड धुऊन “काय शास्त्रज्ञ, किती झाले?” विचारायची. आज ती दारातल्या खुर्चीवर टेकली ती टेकलीच. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“आई, काय झालं गं?”

“काही नाही.” आईने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “हेच झालंय. अठरा दिवस ‘काही नाही’ लिहिलं, त्याचं हे बक्षीस.”

आई रस्त्यापलीकडच्या पशुखाद्याच्या कारखान्यात होती. तिथे धान्य, कोंडा, पेंड अशी पोती यायची. वरच्या मजल्यावरून तो माल एका उतरत्या पन्हळीतून घसरत ग्राइंडरमध्ये जायचा. पोत्यांबरोबर खिळे, तारांचे तुकडे, नटबोल्ट हेही फुकटात यायचं. म्हणून पन्हळीच्या तळाशी एक मोठं चुंबक बसवलेलं होतं आणि त्याच्यावर पत्रा. माल पत्र्यावरून पुढे घसरायचा, लोखंड तेवढं चिकटून राहायचं. दर दोन तासांनी पन्हळ थांबवायची, झडप उघडायची, चिकटलेलं लोखंड पुसून काढायचं आणि वहीत लिहायचं, हे आईचं काम. आठ वर्षं ती ते करत होती.

काडीने कागद वाचला. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. ‘ग्राइंडरची जाळी दोनदा फाटली आहे. एका गोठ्यातून खाद्यात खिळा निघाल्याची तक्रार आहे. आपल्या वहीत मात्र अठरा दिवस एकही खिळा नाही. चुंबक न पुसताच वही भरली जाते असे दिसते. शुक्रवारी एक वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा शनिवारपासून कामावर येऊ नये.’

“हे खोटं आहे!” वकील उसळली. “पुराव्याशिवाय आरोप!”

“अगं, वही हाच त्यांचा पुरावा,” आई थकलेल्या आवाजात म्हणाली. “पूर्वी दर खेपेला मूठभर निघायचं. आता झडप उघडते तर पत्रा लख्ख. मी दुसऱ्याच दिवशी फोरमनना सांगितलं, काहीतरी बिघडलंय. ते म्हणाले, माल स्वच्छ येतोय, नशीब समजा! आता खुलासा काय लिहू? चिकटलं नाही, म्हणून लिहिलं नाही. यावर कोण विश्वास ठेवणार?”

तिने डोळे मिटले. ती रडत नव्हती, रडण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. काडीने वाकून तिच्या चपला काढल्या. घरात त्या दोघीच होत्या आणि घर आईच्या या कामावर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आई चष्मा घरीच विसरली. चष्म्याशिवाय वही लिहिता येणार नाही, म्हणून काडी तो घेऊन निघाली. पाठोपाठ उरलेले दोघेही.

फाटकावरच्या पहारेकरी आजोबांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. “तुझी आई एकच्या सुट्टीत येईल बाहेर. तोवर बसा. पाणी प्या. गोंधळ घालू नका, माझं डोकं दुखतंय.”

“आमचंही,” जांभई म्हणाला आणि पाण्याच्या पिंपाला टेकून बसला. बसल्या बसल्या त्याचे डोळे अर्धे मिटले आणि मग एकदम उघडले. “आजोबा, तुमच्या झाकणाला भोक आहे! पाण्यात माश्या जातील की!”

“अरे, ते झाकण कुठलं? पन्हळीतला जुना पत्रा आहे तो, चुंबकावरचा. माल घासून घासून भोक पडलं, म्हणून वार्षिक दुरुस्तीत काढला. फेकून देत होते, मी म्हटलं इकडे द्या. स्टीलचा आहे, गंजत नाही.”

काडी ताडकन उठली. “दुरुस्ती कधी झाली, आजोबा?”

“झाले असतील अठरा-वीस दिवस.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काडीच्या खिशात प्रयोगाचं चुंबक होतंच, हल्ली ते तिथेच राहायला आलं होतं. तिने ते पिंपावरच्या पत्र्याला खालून लावलं. चुंबक चिकटलंच नाही, टप्पकन तिच्या हातात आलं.

“ताटाची जात!” वकील पुटपुटली. “यातून ओढ आरपार जाणार. आजोबा, मग नवीन पत्रा कसला बसवला?”

“त्याचा उरलेला तुकडा माझ्या किटलीखाली आहे बघा. चटका बसू नये म्हणून मागून घेतला.” आजोबांनी किटली उचलली. खाली वहीएवढा, चंदेरी रंग दिलेला जाडजूड पत्रा होता.

काडीने चुंबक जवळ नेलं. टक्! ते असं चिकटलं की सोडवायला दोन्ही हात लागले.

“बिस्किटांच्या झाकणाची जात!” आता जांभईसुद्धा उभा राहिला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, कोणी न सांगता!

तेवढ्यात फोरमनकाका चहाला आले. डोळ्यांखाली काळं, शर्टावर ग्रीस. वकीलने चेहरा अगदी भोळा केला. “काका, हा पत्रा तुम्ही बसवलात? कित्ती जाड आहे!”

“मग!” काका खूश झाले. “जुना पातळ होता, फाटला. हा तिप्पट जाड! दहा वर्षं बघायला नको!”

“पण आधीचा स्टीलचा होता ना?”

“पत्रा तो पत्रा! वरून चंदेरी रंग मारला, कोणाला फरक कळतोय?”

“चुंबकाला कळतो!” काडीच्या तोंडून निघून गेलं. “काका, लोखंडी पत्रा चुंबकाची ओढ स्वतःच गिळून टाकतो. खिळ्यांपर्यंत ती पोचतच नाही. म्हणून आईला काही सापडत नाही! तुम्ही तो काढून बघा ना!”

काकांचा चेहरा उतरला, मग तापला. “मला शिकवता? वीस वर्षं यंत्रांत काढली मी! चार बोल्ट काढायचे, काम थांबवायचं, ते काय तुमच्या खेळासाठी? चला, पळा!” चहा अर्धा टाकून ते निघून गेले.

एकची घंटा झाली आणि आई आली. चष्मा घेता घेता तिने सगळं ऐकलं, पण तिचा चेहरा उजळला नाही.

“नको गं. लहान तोंडी मोठा घास होईल. त्यांनी मनात धरलं तर असलेलंही जाईल. मला आता भांडायचं बळ नाही.”

“भांडायचं नाही, आई. खुलासा लिहायचाय ना? मग तो आपण लिहूया. तक्त्यासकट!”

आई तिच्याकडे बघत राहिली. “तक्त्यासकट?” ती हळूच म्हणाली. “बरं. निदान काहीतरी लिहिता तरी येईल.”

संध्याकाळभर खुलासा चालला. वकीलने तो चार वेळा खोडला, जांभईने तक्ता आखला आणि शेवटी आईने सही केली.

शुक्रवारी एक वाजता मॅनेजर मॅडमच्या टेबलासमोर सगळे उभे होते: आई, तिघं मुलं, घुश्शातले फोरमनकाका आणि पिंपाचं झाकण व किटलीखालचा पत्रा काखेत धरलेले पहारेकरी आजोबा. मॅडमच्या टेबलावर तक्रारीची तीन पत्रं होती आणि कपाळाला बामाचा वास. त्यांनी खुलासा वाचला, घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला.

“मुलांनो, मला दहा मिनिटं आहेत. दाखवा.”

काडीने पट्टी, चुंबक, दोरा मांडला. घाईघाईत क्लिप दोनदा पडली. “सावकाश,” आई मागून म्हणाली. तिसऱ्यांदा क्लिप अधांतरी उभी राहिली. जुना पत्रा मध्ये धरला, क्लिप ढिम्म हलली नाही. नव्याचा तुकडा आत गेला आणि क्लिप मुकाट्याने टेबलावर येऊन पडली.

मॅडम पुढे वाकल्या. “परत करा.”

परत केलं. परत तेच!

“मॅडम, हे खेळणं आहे,” फोरमनकाका म्हणाले. “आपलं चुंबक याच्या शंभरपट ताकदीचं. या बोटभर चुंबकावरून त्याचं कसं ठरवणार?”

सगळ्यांनी वकीलकडे पाहिलं. “हा मुद्दा बरोबर आहे,” ती पडलेल्या आवाजात म्हणाली.

काडी दोरा गुंडाळायला लागली. आईने मान खाली घातली. संपलं सगळं!

“मग खिळेच टाका ना पन्हळीतून,” जांभई म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. “क्लिप नको, छोटं चुंबक नको. तुमचं चुंबक, तुमचे खिळे. आम्हाला इतके दिवस मांडामांड करावी लागली, इथे सगळं मांडलेलंच आहे!”

मॅडम हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण फोरमनकाका दचकले. “चला!”

जेवणाच्या सुट्टीमुळे यंत्रं बंदच होती. मॅडमनी मुलांना पिवळ्या पट्ट्याबाहेर उभं केलं. ग्राइंडरचं तोंड बंद करून पन्हळीखाली बादली ठेवली गेली. दहा खिळ्यांना लाल रंग लावला, म्हणजे कोणी म्हणायला नको की दुसरेच आहेत. ही अट अर्थातच वकीलची! खिळे घेऊन आई वर गेली. तिनेच टाकायचे, असं मॅडमनी सांगितलं.

“सोडू?” वरून आईचा आवाज आला.

“सोडा!”

टण! टण! टण! एकेक खिळा पत्र्यावरून सरसरत आला, चुंबकाच्या अगदी अंगावरून गेला आणि बादलीत पडला. जांभई मोजत होता. “आठ... नऊ... दहा!”

दहाच्या दहा! एकही चिकटला नाही. फोरमनकाका बादलीत बघतच राहिले. मग कोणी काही सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच पाना उचलला.

बोल्ट निघाले, पण पत्रा निघेना. काका आणि आजोबांनी मिळून पहारीने उचकटला तेव्हा कुठे तो सुटला. “बघा, कसा मिठी मारून बसला होता!” आजोबा म्हणाले. “चुंबक सगळा वेळ पत्र्यालाच धरून बसलं होतं. खिळ्यांकडे बघायला त्याला फुरसत कुठून मिळणार?”

पिंपाचं झाकण पुन्हा आपल्या जुन्या जागी गेलं. खिळे पुन्हा वर गेले.

“सोडू?” आईचा आवाज आता थोडा वर चढला होता.

खिळे घसरले. टक्, टक्, टक्... आणि बादली रिकामी!

“नऊच आहेत!” वकील ओरडली. “दहावा कुठाय? दहावा सापडल्याशिवाय मी—”

“भोकातून आत गेलाय, बाई! थेट चुंबकाला जाऊन चिकटलाय!” जांभईने कपाळावर हात मारला. मग मात्र सगळेच हसले. फोरमनकाका सोडून.

ते पाना हातात धरूनच उभे होते. “स्टीलचा पत्रा यायला आठवडा लागणार होता,” ते खाली बघत म्हणाले. “दुरुस्तीचे तीन दिवस मी झोपलोच नव्हतो. म्हटलं, जाड मारू आणि मोकळे होऊ. बाई, तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकायला हवं होतं. माझं चुकलं.”

“तुम्ही थकला होतात, हे मला कळतं,” आई जिना उतरून आली होती. “पण मीही थकले होते, फोरमन. तरी रोज चार वेळा झडप उघडून बघत होते.”

काकांनी मान हलवली.

मॅडमनी आईची नोंदवही मागवली आणि एका पोत्यावर टेकून उघडली. नोटिशीतले अठरा दिवस, दिवसाला चार नोंदी. ‘काही नाही. काही नाही. काही नाही.’ त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या दिवसासमोर लिहिलं: ‘नोंद खरी.’ खाली सही केली. मग दुसऱ्या दिवसासमोर. मग तिसऱ्या. काडीला वाटलं, एवढ्यावर थांबतील. पण त्या थांबल्या नाहीत. अठरा वेळा त्यांनी तेच लिहिलं, अठरा सह्या केल्या आणि मग ते नोटिशीचं पत्र मागून घेऊन फाडलं.

“मी वही वाचली, पण बाईंना विचारलं नाही, ही माझी चूक. पत्रा बदलल्यापासूनचं सगळं खाद्य आजच परत मागवते,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही तिघं! तुमच्या सरांना मी पत्र लिहिणार आहे. इतका नेटका तक्ता माझ्या कारखान्यात कोणी काढत नाही.”

“तक्ता मी आखला,” जांभई पटकन म्हणाला.

“शाब्बास रे पोरांनो!” आजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “पण माझं झाकण गेलं की! आता पाण्यात माश्या पडणार!”

“तो जाड पत्रा घ्या,” फोरमनकाका म्हणाले. “दहा वर्षं बघायला नको.”

चारच्या सुमाराला आई घरी आली. आज चपला काढल्या, तोंड धुतलं. “तीनच्या नोंदीला काय लिहिलं माहितीये? तारेचे तुकडे पाच, नट एक. आणि एकच्या नोंदीला खिळे दहा, लाल!” तिने काडीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “कार्टे, तू माझी आठ वर्षं वाचवलीस.” काडीला एकदम रडूच आलं, आणि आईनेही डोळे पुसले. मग ती पलंगावर आडवी झाली, आणि मिनिटभरात घोरायला लागली. कितीतरी दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली होती.

प्रकल्पाचा बारावा पदार्थ बाकी होता, कापड. तिघं पाय न वाजवता टेबलाभोवती बसली. वकीलने आईचा रुमाल फटीत सरकवला. क्लिप होती तिथेच उभी राहिली.

“काय झालं?” जांभईने फरशीवरून कुजबुजत विचारलं.

काडीने पलंगाकडे पाहिलं. मग वहीत तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, आईसारख्याच गोल अक्षरांत, लिहिलं: ‘काही नाही.’

वकीलने ते वाचलं. कशावरून, असं तिने विचारलं नाही.